पिस्तूल हाताला बसवताना



२०२४ च्या जुलैअखेरीस आमच्या मांजलपूरच्या घरात टीव्ही बंद होत नव्हता. २८ जुलैला पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दोनच दिवसांनी तिने सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात दुसरं कांस्य घेतलं. १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं आणि माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

त्याच संध्याकाळी नववीतली आमची लेक म्हणाली, "बाबा, मला पिस्तूल शिकायचंय."

घरात क्षणभर शांतता. शेजारच्या बांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दीकरीना हाथमां पिस्तोल?" आईला काळजी वेगळीच, दहावी तोंडावर आलेली. मी मात्र मनातून खूश होतो. मी मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. धातू, स्प्रिंग, स्क्रू, मायक्रॉन हा माझा रोजचा विषय. मला वाटलं, अभ्यास तिची आई बघेल आणि पिस्तूल मी बघेन. थोडं घासलं, थोडं पॉलिश केलं, स्क्रू फिरवला की यंत्र सुधारतं, ही आम्हा टूलरूमवाल्यांची श्रद्धा!

ही श्रद्धा कुठे खरी ठरली आणि कुठे अंगाशी आली, तेच आज सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलं हा खेळ बघतात, विचारतात. त्यांना उत्तर देताना उपयोग होईल.

यूट्यूबवरचं पिस्तूल आणि आपल्याकडचं पिस्तूल

लेकीने सुरुवातीला मला दाखवले ते धावत-पळत नेमबाजी करणाऱ्यांचे व्हिडिओ. कमरेला पिस्तूल, भिंतींच्या आडून वाट काढायची, समोर येईल त्या टार्गेटवर नेम धरायचा आणि पुढे पळायचं. हा 'प्रॅक्टिकल शूटिंग' नावाचा खेळ. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, कोलंबिया इथे स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग या तीन गोष्टींवर हा खेळ उभा आहे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. ५० गुण १० सेकंदांत मिळवले तर भागाकार ५. तेच ८ सेकंदांत मिळवले तर सव्वासहा. त्यामुळे नुसता अचूक पण संथ खेळाडू मागे पडतो आणि नुसता वेगवान पण चुकणाराही मागे पडतो.

या खेळात पिस्तुलात किती बदल करायचे यावरूनच गट पडतात. 'ओपन' गटात लाल ठिपक्याची साईट चालते, झटका कमी करणारा भाग नळीच्या टोकाला लावता येतो. 'प्रॉडक्शन' गटात कारखान्यातून आलेलं पिस्तूल जवळजवळ तसंच वापरावं लागतं, ट्रिगर किती हलका असावा यालाही किमान मर्यादा आहे. म्हणजे 'पिस्तूल सुधारा' असं म्हणणाऱ्या खेळातही नियमपुस्तक आधी येतं. पळताना बोट ट्रिगरवर राहिलं किंवा नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की खेळाडू थेट बाद. व्हिडिओ बघताना मुलांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडे या प्रकाराला वाव फार कमी. त्यात सर्रास वापरलं जाणारं ९ मिमीचं पिस्तूल आपल्या कायद्यानुसार निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. आपल्या मुलांसाठी खरा रस्ता आहे तो ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तुलाचा. आधी १० मीटर एअर पिस्तूल, मग २५ मीटर. वेगाची हौस असेल तर २५ मीटरमध्ये तीही भागते. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेत पहिल्या ३० गोळ्या निवांत अचूकतेच्या. पुढच्या ३० मध्ये टार्गेट फक्त ३ सेकंद उपलब्ध असतं. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची. मग ७ सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच.

याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पालेम्बांगमध्ये ती आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून ३४-३४ अशा बरोबरीत होत्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी झाली, दुसऱ्यात राही ३-२ ने जिंकली. एका गोळीचा फरक. त्या एका गोळीच्या वेळी पिस्तूल हातात कसं बसलं आहे, याला किती महत्त्व असेल विचार करा.

आधी डोळा, मग हात, मग पिस्तूल

शहरातल्या एका रेंजवर लेकीचं नाव घातलं. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "कुठलं पिस्तूल घेऊ?" सर हसले. म्हणाले, "सहा महिने काहीच घेऊ नका. इथलं वापरा."

त्यांनी आधी लेकीचा डोळा तपासला. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करायची, त्यातून दूरची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ डोळा. आमची लेक उजव्या हाताची आणि डोळाही उजवा, त्यामुळे सोपं झालं. हात आणि डोळा उलटसुलट असतील तर कुठल्या हाताने खेळायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण पिस्तुलाची मूठ डाव्या आणि उजव्या हातासाठी वेगळी येते.

सहा महिने थांबण्याचं कारण पुढे कळलं. नवशिक्याची पकड दर आठवड्याला बदलते. कच्च्या पकडीच्या मापाने मूठ कोरली तर ती चुकीची पकडच कायमची होते. शिवाय ही पिस्तुलं परदेशी. स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, इटलीची पार्डिनी, जर्मनीची वाल्थर. चांगल्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढेच जाते. मुलांची हौस टिकते का हे बघायला सहा महिने काही जास्त नाहीत.

एक मिलिमीटरची किंमत

माझा टूलरूमचा अहंकार पहिल्यांदा उतरला तो एका साध्या गणिताने.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. ते १० मीटरवर. प्रत्येक पुढचं वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. आता पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. मागच्या साईटच्या खाचेत पुढची साईट बरोबर मध्ये न दिसता एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? साधारण ३० मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ चार वर्तुळं गेली!

याउलट दोन्ही साईट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या असतील आणि अख्खा हात एक सेंटिमीटर इकडेतिकडे डुलत असेल, तर छर्राही एक सेंटिमीटरच सरकतो. हात तर सगळ्यांचाच डुलतो, ऑलिंपिक खेळाडूचासुद्धा. म्हणून नेमबाज लक्ष्याकडे नाही, पुढच्या साईटकडे बघतो. काळं वर्तुळ थोडं धूसर दिसलं तरी चालतं. बरेच जण तर काळ्याच्या मध्यावर नेम धरतच नाहीत, त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत धरतात. काळ्यावर काळी साईट स्पष्ट दिसत नाही म्हणून.

या गणितावरून पिस्तुलाच्या तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट कळते. ती म्हणजे मूठ. डोळे मिटून हात वर न्यायचा आणि डोळे उघडायचे, तेव्हा पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मध्यावर दिसली पाहिजे. ती दरवेळी डावीकडे किंवा खाली दिसत असेल तर मूठ हाताला बसलेली नाही. मनगट वाकवून ती जुळवता येते, पण साठाव्या छर्र्यापर्यंत मनगट थकतं आणि मूळ जागी जातं.

निळा रंग आणि लाकडाची पुट्टी

मूठ अक्रोडासारख्या लाकडाची असते, लहान-मोठ्या मापांत मिळते. त्यातल्या त्यात जवळचं माप घ्यायचं आणि मग हाताप्रमाणे बसवायचं. इथे मात्र माझा धंदा कामाला आला. डाय बनवताना दोन भाग कुठे टेकतात हे बघायला आम्ही एका भागावर निळा रंग लावतो. दाबलं की उंच जागी रंग उमटतो, तेवढंच घासायचं. सरांची पद्धतही तीच. हाताला पातळ रंग लावायचा, पिस्तूल नेहमीसारखं धरायचं, सोडायचं. लाकडावर कुठे गडद डाग आला, कुठे रंग लागलाच नाही, ते दिसतं.

गडद डागाची जागा किंचित घासायची. जिथे हात टेकतच नाही तिथे लाकडाची पुट्टी भरायची. वाळली की पुन्हा रंग, पुन्हा पकड. सरांचा नियम असा की आधी भर घालायची, घासायचं सगळ्यात शेवटी. "घासलेलं लाकूड परत येत नाही," हे ते दोनदा सांगायचे. मी एकदा घाईत अंगठ्याखाली जास्त घासलं आणि पुढचा आठवडा तो खड्डा भरण्यात गेला. लेकीने वहीत लिहून ठेवलंय, 'बाबांचा खड्डा'.

मुठीलाही नियम आहेत. तळहाताखाली आधाराची फळी चालते, पण ती वर वळून हाताला मिठी मारणारी नको. मनगटाला कुठलाही आधार मिळता कामा नये. सगळं जोडून एअर पिस्तूल ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या आत हवं. राही खेळते त्या पॉइंट टू टू पिस्तुलाचं खोकं लहान, ३०० गुणिले १५० गुणिले ५०, आणि वजन १४०० ग्रॅमच्या आत. स्पर्धेच्या ठिकाणी खरोखरच असं खोकं ठेवलेलं असतं आणि पिस्तूल त्यात ठेवून बघतात.

साईटचं काम त्यामानाने सोपं. छर्रे उजवीकडे पुंजक्याने लागत असतील तर मागची साईट डावीकडे सरकवायची. साईट ज्या दिशेला, छर्रा त्या दिशेला. पण पुंजका हवा. एखादाच छर्रा उजवीकडे गेला म्हणून साईट हलवायची नाही. तो छर्रा बहुधा आपल्या बोटाचा असतो, साईटचा नाही. लेक सुरुवातीला प्रत्येक सातच्या छर्र्यानंतर स्क्रू फिरवायची. सरांनी तिचा स्क्रूड्रायव्हर महिनाभर काढून घेतला आणि तिचे गुण वाढले!

ट्रिगर आणि माझी चूक

आता मुख्य गोष्ट.

स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिली ओढ सैल, मग बोटाला एक ठाम अडथळा जाणवतो, तिथे थांबायचं, साईट जुळवायची आणि दुसरी ओढ हळूच वाढवत न्यायची. ट्रिगर पुढेमागे सरकवता येतो, म्हणजे बोटाचं पहिलं पेर त्यावर सरळ पडेल. छर्रा सुटल्यावर ट्रिगर उगाच पुढे धावू नये म्हणून एक स्टॉपही असतो. हे सगळं छोट्या स्क्रूंवर चालतं. स्क्रू बघितला की माझा हात शिवशिवतो.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅमचा भार पडल्याशिवाय छर्रा सुटता कामा नये, असा नियम आहे. पॉइंट टू टू पिस्तुलाला १००० ग्रॅम. लेकीच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आधी चार दिवस ती म्हणाली, "बाबा, दुसरी ओढ जरा अडते." मी घरी स्क्रू थोडा फिरवला. तिने भिंतीसमोर रिकामं पिस्तूल चालवून पाहिलं. "मस्त!" मी पुन्हा थोडा फिरवला. माझ्याकडे प्रमाणित वजन नव्हतं. बोटाचा अंदाज पुरेसा आहे असं मला वाटलं. वीस वर्षं टूलरूममध्ये 'अंदाज नको, गेज लाव' असं पोरांना ओरडणारा मी!

स्पर्धेच्या सकाळी साहित्य तपासणी. नळी सरळ उभी धरतात, ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि टेबलावरून अलगद उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. तीन संधी मिळतात. पहिल्यांदा टक्. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदाही टक्. लेक माझ्याकडे बघत नव्हती. तपासणीच्या बाईंनी शांतपणे पिस्तूल परत दिलं आणि म्हणाल्या, "नीट करून घेऊन या, वेळ आहे."

सरांनी ट्रिगर पुन्हा नियमात आणला. पिस्तूल पास झालं. पण चार दिवस हलक्या ट्रिगरची सवय झालेलं बोट गोंधळलं. दुसऱ्या ओढीवर तिला थांबायला जमेना, मधूनच जोर जाई. तिच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा बरेच कमी गुण आले.

घरी येताना गाडीत बराच वेळ कोणीच बोललं नाही. लालबागचा पूल उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला हलका ट्रिगर नको होता. मला रोज तोच ट्रिगर हवा होता."

मी अजून त्या वाक्यातून बाहेर आलेलो नाही. सगळ्यांना वाटतं की पिस्तुलाची तयारी म्हणजे ते अधिक हलकं, अधिक वेगवान, अधिक भारी करणं. खरं काम उलट आहे. पिस्तूल असं करायचं की आज, उद्या आणि स्पर्धेच्या दिवशी ते अगदी सारखंच वागेल. मग चूक झाली तर ती कुठली हे मुलाला कळतं. रोज बदलणाऱ्या पिस्तुलावर मूल काहीच शिकू शकत नाही. आणि तपासणी फक्त आधी नसते. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठी काढूनही कोणाचंही पिस्तूल तपासतात. तिथे ट्रिगर हलका निघाला तर खेळाडू थेट बाद, गुण कितीही असोत.

आता आमच्याकडे प्रमाणित वजन आहे. लेक दर रविवारी स्वतः तपासते आणि वहीत लिहिते. ट्रिगर ५०० च्या काठावर नाही, थोडा वरच ठेवलेला असतो. स्क्रूड्रायव्हर तिच्या बॅगेत आहे. मी मागितल्याशिवाय हात लावत नाही.

यंत्र दगा देतं तेव्हा

तयारी कितीही केली तरी यंत्र बिघडू शकतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरीच्या मध्येच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेले छर्रे घाईत मारावे लागले. ६०० पैकी ५७५ गुण, बारावा क्रमांक आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन पदकं घेऊन उभी होती. आमच्या लेकीला मी ही गोष्ट सांगायला गेलो तर म्हणाली, "माहितीये. पण तिचं तिच्या बाबांनी बिघडवलं नव्हतं." असो!

म्हणून काही सवयी लावून घ्याव्यात. हवेच्या सिलिंडरची मुदत बघावी, बनवल्यापासून १० वर्षांपर्यंतच तो वापरायचा असतो. छर्रे एकाच डबीचे, सपाट डोक्याचे, आपल्या नळीला मानवणारे घ्यावेत. रिकाम्या पिस्तुलातही नळीत रंगीत सुरक्षा दोरी असावी, म्हणजे ते रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळे. आणि पाहुण्यांना, मित्रमैत्रिणींना दाखवायला पेटी उघडायची नाही, ही आमच्या घरातली पक्की अट.

कायद्याची रेघ

माझ्यासारख्या हात शिवशिवणाऱ्या बाबांसाठी हे महत्त्वाचं. खेळातलं ४.५ मिमीचं एअर पिस्तूल ठरावीक ताकदीच्या आत असेल तर त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू टू पिस्तूल मात्र खरं अग्निशस्त्र. त्याला १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. त्याहून लहान मुलांच्या प्रशिक्षणासाठी नियमांत वेगळी सोय आहे आणि ती क्लब व संघटनेमार्फतच घ्यायची असते.

अग्निशस्त्राची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी ही कामं करायला याच कायद्याच्या कलम ५ नुसार परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं किंवा नकली बंदुकीचं खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करणं हा गुन्हा आहे. माझ्या टूलरूममध्ये लेथ आहे, ग्राइंडर आहे. म्हणूनच मी ठरवलंय की लाकडाच्या मुठीपलीकडे तिथे काहीही करायचं नाही. साईट आणि ट्रिगरचे स्क्रू कारखान्याने दिलेल्या मर्यादेत, सरांच्या देखत. बाकी सगळं परवानाधारक कारागिराकडे.

बडोद्यात जन्मलेले पहिले अध्यक्ष

शेवटी एक गोष्ट, जी मला स्वतःला या निमित्ताने कळली.

लेकीच्या पुढच्या पायऱ्या विचारत होतो तेव्हा सरांनी 'मावळणकर' म्हटलं. देशभरातल्या नेमबाजांची जी. व्ही. मावळणकर अखिल भारतीय स्पर्धा. मी चमकलो. हे तर आपले दादासाहेब! गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद, आणि जन्म २७ नोव्हेंबर १८८८ ला आपल्या बडोद्यात. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. गांधीजींबरोबर काम केलेला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला माणूस देशाच्या नेमबाजी संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. त्यात त्यांना विसंगती वाटली नसावी. शस्त्र हातात असताना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवणारा हा खेळ आहे, हे आता दीड वर्ष रेंजवर बसून मलाही पटलंय.

आपल्या शहराला हे नवीन नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांच्या काळापासून लाठी, लेझीम, मल्लखांब शिकलेल्या पिढ्या आपल्याच घरातल्या. आणि घर परभाषिक मुलखात असलं म्हणून खेळ अडत नाही. तमिळ कुटुंबातली, अहमदाबादेत वाढलेली इलावेनिल वलारिवन गुजरातकडून खेळत एअर रायफलच्या विश्वचषकाच्या सुवर्णापर्यंत पोचली. मग मांजलपूरच्या मराठी मुलींनी का पोचू नये?

यंदा खंडेनवमीला आईने नेहमीप्रमाणे माझी कानस, व्हर्निअर आणि घरातली सुरी पाटावर मांडली. लेकीने आपली पेटी आणून शेजारी ठेवली. आईने हळदीकुंकू वाहिलं, पण पेटीवर. "आत नको गं, नळीत जाईल," असं आईच म्हणाली. लेकीने तिला हे कधी शिकवलं कोण जाणे.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. रविवारी सकाळी तिने वजन अडकवून ट्रिगर तपासला, वहीत आकडा लिहिला आणि माझ्यापुढे धरला. मागच्या रविवारचा आणि या रविवारचा आकडा एकच होता. मी फक्त सही केली.

आपल्या मंडळातल्या कुणा मुलामुलीला रेंज बघायची असेल तर आईबाबांना घेऊन जरूर या. येताना पिस्तुलाची घाई घरी ठेवून या. बाकी सगळं तिथे मिळेल.